उन्हाळी निसर्गफेरीत पाखरं का दिसत नाहीत? या चुका टाळा

मे महिन्यात ताम्हिणीच्या रानात पंधरा-वीस जणांना घेऊन फिरलं की परतीच्या गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काही खास दिसलं नाही.’ रान रिकामं नसतं, आपलं गणित चुकलेलं असतं.

पहिली चूक वेळेची. नऊला जमायचं ठरवलं की पक्षी गेलेच. उन्हाळ्यात त्यांची लगबग उजाडल्यापासून आठपर्यंत, मग ते सावली धरतात. फुलपाखरांचं उलटं: अंग उन्हानं तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. म्हणून सहाला पक्ष्यांसाठी निघा आणि नऊच्या सुमारास ओढ्याकडे वळा.

खरा घोटाळा ओढ्यावरच होतो. आटत आलेल्या ओढ्याच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात, त्यात बहुतेक नर. कधी त्यांत आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतही असतं. पुढचा मोबाइल काढून धावला की सगळी उधळतात आणि मागच्यांना नुसती वाळू दिसते. असं झालं तर पाठलाग नको. दहा पावलं मागे सरा, खाली बसा, गप्प राहा. ओल तिथंच असते, त्यामुळे ती बहुधा पुन्हा तिथंच उतरतात. पुढे सरकताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

रंग फिका म्हणून पतंग, भडक म्हणून फुलपाखरू असं ठरवू नका. दिवसा उडणारे रंगीत पतंगही असतात. मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची बहुधा पिसासारखी किंवा दोऱ्यासारखी.

रात्री पतंगांसाठी पांढरी चादर आणि दिवा लावत असाल, तर उजाडायच्या बरंच आधी दिवा बंद करा आणि चादर झुडपाशी हलकेच झटका. नाहीतर पहाटे कोतवाल आणि दयाळ हे पक्षी चादरीवरचे पतंग एकेक करून टिपतात.

एका चुकीचा मात्र मला मनापासून राग येतो: मोबाइलवर नवरंग पक्ष्याचा आवाज वाजवणं. पावसाच्या तोंडावर तो इथं विणीसाठी येतो. रेकॉर्डिंग ऐकून त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसलाय, आणि हातातलं काम टाकून तो भांडायला धावतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो आपणहून दोन सुरांची शीळ घालतो, तेवढा धीर धरा. घरट्याचे फोटोही नकोत. पानं बाजूला केली की कावळ्याला वाट मोकळी होते. गटात कुणी आवाज वाजवायला लागलं तर तिथंच थांबवा, माणूस कितीही ज्येष्ठ असो.