ऑस्ट्रेलियातल्या कसोटीचं स्कोअरबुक घरी कसं लिहावं

मेलबर्न आणि सिडनीची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते, ब्रिस्बेनची साडेपाचला. मी साडेचारचा गजर लावते. पहिलं षटक अर्धवट राहिलं तर ते पान दिवसभर डोळ्यांत खुपतं.

छापील स्कोअरबुक खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. नाहीच मिळालं तर मोठी वही आडवी धरून आखा: वर फलंदाज, खाली गोलंदाज, कडेला एकूण धावा. पेन्सिल आणि खोडरबर घ्या. वडील रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत लिहायचे, त्यांनीच मला शिकवलं. पेनला ते हात लावू देत नसत.

प्रत्येक चेंडू तीन जागी जातो: आधी गोलंदाजाच्या चौकटीत, मग फलंदाजापुढे, शेवटी एकूण धावांत. हा क्रम मोडू नका. धाव नसेल तर टिंब. चौकटीत टिंबं तीन-तीनच्या दोन उभ्या ओळींत मांडा. षटक निर्धाव गेलं की ती जोडून ‘एम’ काढायचा, त्यात विकेट पडली असेल तर ‘डब्ल्यू’.

घोळ होतो तो अवांतर धावांत. बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता काढलेल्या धावा) आणि लेगबाय (चेंडू बॅटऐवजी अंगाला लागून मिळालेल्या धावा) गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, वाइड (फलंदाजाच्या आवाक्याबाहेरचा चेंडू) आणि नोबॉल (नियमाबाहेर टाकलेला चेंडू) लागतात. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत वाइड धरायचा नाही, नोबॉल धरायचा.

एखादा चेंडू सुटला तर अंदाजाने भरू नका. एकदा गॅसवरचं दूध बघायला गेले आणि दोन चेंडू हुकले. जागा रिकामी ठेवली, षटकाच्या शेवटी पडद्यावरचा धावफलक बघून भरली.

ॲडलेडचं पान मी मन घट्ट करून लिहिलं. आमच्या सांगलीच्या विजय हजारेंनी 1948 साली तिथेच एका कसोटीत 116 आणि 145 केल्या होत्या, वडील ते अभिमानाने सांगायचे. डिसेंबर 2020 मध्ये त्याच मैदानावर आपला डाव 36 वर संपला. एकालाही दोन आकडी धावा नाहीत, ऑस्ट्रेलियाच्या हेझलवूडचे 5 षटकांत 8 धावांत 5 बळी. शमी हाताला चेंडू लागून परतला. अशा वेळी बाद लिहायचं नाही, ‘रिटायर्ड हर्ट’ लिहायचं. म्हणून तिथे बळी नऊच दिसतात.

आणि सिडनी, 11 जानेवारी 2021! पुजारा गेला तेव्हा 5 बाद 272. विहारीचा मांडीमागचा स्नायू दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली. पुढची चाळीसहून जास्त षटकं मी जवळजवळ नुसती टिंबं देत होते. विहारी 161 चेंडूंत नाबाद 23, अश्विन 128 चेंडूंत नाबाद 39. सामना वाचला. टीव्हीवर चौकार पुन्हा पुन्हा दाखवतात. ही टिंबं फक्त वहीत राहतात. म्हणून निर्धाव चेंडूंचा कंटाळा करू नका, टिंब ठसठशीत द्या.

डाव संपला की ताळा करा. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर म्हणजे एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, तेही तेवढेच यायला हवेत. फरक आला तर आधी लेगबाय तपासा.

प्रत्येक सत्रानंतर समासात लाल पेन्सिलीने धावसंख्या लिहा. त्याच मालिकेत आपण जिंकलेल्या ब्रिस्बेन कसोटीच्या शेवटच्या दिवशीच्या माझ्या समासात आहे: उपाहार 1 बाद 83, चहापान 3 बाद 183, आणि खाली, थरथरत्या अक्षरात, 7 बाद 329.