रोपित गाठींवर कर्करोगाच्या औषधाची पारख: प्रयोगाची आखणी

खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेत किंवा नवी मुंबईतील एखाद्या औषधनिर्मिती प्रयोगशाळेत, उंदरांत कर्करोगाची गाठ रोपून तिच्यावर औषध पारखण्याचा प्रकल्प करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी घ्यावी. तोपर्यंत प्राण्यांची मागणीही नोंदवू नये. किती उंदीर लागतील आणि तेवढेच का, याचे संख्याशास्त्रीय उत्तर अर्जातच द्यावे लागते, त्यामुळे आखणीतील बराच कच्चेपणा तिथेच उघडा पडतो.

त्यानंतर गाठ आणि उंदीर यांची जोडी ठरवावी. उंदराच्याच पेशी वापरायच्या असतील तर त्या ज्या वंशातून आल्या त्याच वंशात रोपाव्यात: एल1210 हा रक्ताचा कर्करोग डीबीए/2 उंदरांत, तर बी16 मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) सी57 ब्लॅक/6 उंदरांत. साध्या उंदराचे शरीर मानवी गाठ नाकारते. म्हणून रायगार्ड आणि पोव्हल्सेन या संशोधकांनी 1969 मध्ये मानवी आतड्याच्या कर्करोगाची गाठ थायमस (टी-पेशी जिथे परिपक्व होतात ती ग्रंथी) नसलेल्या केशहीन, म्हणजे न्यूड उंदरात वाढवून दाखवली. मात्र या उंदरांत टी-पेशींचे, म्हणजे परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशींचे, कार्य जवळपास नसल्याने, प्रतिकारशक्तीच्या आधारे काम करणाऱ्या औषधाची पारख त्यांच्यावर करू नये.

पेशी मायकोप्लाझ्मामुक्त (पेशींच्या संवर्धनात शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंपासून मुक्त) असल्याची आणि त्या खरोखर त्याच वंशाच्या असल्याची तपासणी रोपणाआधी करून घ्यावी. घट्ट गाठीसाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासारखी न पसरता एका जागी वाढणाऱ्या गाठीसाठी, सामान्यतः दहा ते पन्नास लाख जिवंत पेशी कुशीजवळ त्वचेखाली टोचतात.

औषध कधी सुरू करायचे, हा सगळ्यात नाजूक निर्णय आहे. हॉवर्ड स्किपर आणि सहकाऱ्यांनी एल1210 वरील कामातून 1964 मध्ये असे मांडले की औषधाची ठरावीक मात्रा पेशींची ठरावीक संख्या नव्हे, तर ठरावीक प्रमाण मारते. म्हणजे 99.9 टक्के पेशी मारणारी मात्रा शंभर कोटी पेशींतून दहा लाख शिल्लक ठेवते, आणि दहा लाखांतून फक्त एक हजार. रोपणाच्या दुसऱ्याच दिवशी सुई टोचून मिळवलेले देखणे आकडे म्हणूनच फसवे असतात: तिथे औषधाने गाठ बरी केलेली नसते, तिला रुजूच दिलेले नसते. गाठी साधारण 100 ते 200 घनमिलिमीटर झाल्यावरच उंदरांची यादृच्छिक गटांत विभागणी करावी आणि एका गटाला तुलनेसाठी औषधाविना केवळ द्रावक (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) द्यावे.

आठवड्यातून दोन-तीनदा व्हर्नियर कॅलिपरने मोजमाप घ्यावे. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, हे नेहमीचे सूत्र आहे. कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. प्रत्येक वेळी वजनही नोंदवावे, कारण औषधाने खंगलेल्या उंदराची गाठही कमी वाढते आणि तो गुण औषधाच्या खात्यावर जमा होतो. वजन 20 टक्क्यांनी घटले, गाठीवर जखम झाली किंवा उंदराला चालणे-खाणे अवघड झाले, तर प्रयोग अर्धवट राहिला तरी त्या प्राण्याला वेदनारहित मरण द्यावे. या मर्यादा मंजुरीच्या अर्जातच लिहिलेल्या असाव्यात.

घट्ट गाठींत उपचारित आणि अनुपचारित गटांतील सरासरी आकारांचे गुणोत्तर 42 टक्के किंवा त्याखाली आले, की औषध सक्रिय मानण्याचा प्रघात आहे. निष्कर्ष लिहिताना मात्रा, उपचार सुरू झाला तेव्हाचा गाठीचा आकार आणि औषधाच्या विषारीपणाने दगावलेले उंदीर ही तिन्ही माहिती त्याच तक्त्यात द्यावी.