पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही घरी उघडताय? या चुका टाळा

“अण्णा, मी प्लग काढलो की!”

डबा टीव्हीचं मागचं झाकण काढून बसलेला पोरगा असं म्हणाला की मी आधी त्याचं मनगट धरतो. प्लग काढला की पंखा मेला, मिक्सर मेला. पिक्चर ट्यूब मरत नाही. 21 इंची रंगीत ट्यूबवर साधारण 25 हजार व्होल्ट असतात. काचेला आतून-बाहेरून ग्रॅफाइटचा काळा लेप आणि मध्ये काच, म्हणजे ती अख्खी ट्यूबच एक कपॅसिटर झाली. टीव्ही बंद केला तरी त्यात चार्ज साठून राहतो.

हे मला उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलंही. सोलापुरात बाळीवेशीतल्या दुकानात शिकाऊ होतो तेव्हा. स्क्रू ड्रायव्हरने ट्यूब डिस्चार्ज केली, टक् आवाज झाला, मी खूश. समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन आलो आणि ट्यूबवरची रबरी टोपी सरळ बोटांनी उचलायला गेलो. काचेत मुरलेला चार्ज तेवढ्या वेळात पुन्हा वर आला होता. झटका बसला, हात मागे उडाला आणि कोपर ट्यूबच्या मानेवर आदळलं. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा बारीक आवाज, फक्त इथे हवा आत चालली होती. मला काही झालं नाही, गिऱ्हाइकाची ट्यूब गेली. उस्ताद ओरडले नाहीत, पण पुढचे तीन महिने माझा पगार अर्धाच हातात आला.

तेव्हापासूनची माझी पद्धत ठरलेली आहे. ट्यूबच्या पाठीवरून विणलेली उघडी तार गेलेली असते, वायरची एक क्लिप आधी तिला लावायची. दुसरी क्लिप लांब, प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला. डावा हात पाठीमागे. टोक रबरी टोपीखाली हळूच सरकवून आतल्या धातूच्या आकड्याला टेकवायचं. दहा मिनिटं थांबून पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही करतो, हसायचं तर हसा. क्लिप पीसीबीवरच्या, म्हणजे पार्ट बसवलेल्या पाटीवरच्या, ग्राउंडला लावू नका, एखादी आयसी (चिप) जाते.

सप्लायकडचा मोठा कपॅसिटर वेगळा. 230 व्होल्ट एसीचे तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात. तो स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे बहाद्दर मी पाहिलेत, पीसीबीचा ट्रॅकच उडून जातो. होल्डरमधला 60 वॅटचा बल्ब दोन वायरींनी कपॅसिटरच्या पायांना टेकवा आणि मग मीटरने खात्री करा. ज्याने आजवर रेडिओला सोल्डरचा साधा एक डागही दिलेला नाही, त्याने सुरुवात टीव्हीपासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक: पार्ट बदलला की थेट बोर्डात प्लग.

भवानी पेठेतल्या एका अक्कांकडचा टीव्ही. घरात माग, त्यामुळे आत सुताची लव इतकी की पीसीबी दिसेना, ट्यूबच्या टोपीभोवती तर राखाडी मिशाच फुटलेल्या. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून लाइन ट्रान्झिस्टर (ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणाऱ्या भागातला) शॉर्ट आहे हे ओळखलं होतं. तेवढं बरोबर. त्याने नवा लावला, प्लग घातला, चट्. दुसरा लावला, चट्. तिसऱ्या वेळी पोरगं माझ्याकडे आलं आणि म्हणालं, “मामा, बाजारात डुप्लिकेट माल आलाय.”

माल ठीक होता. पीसीबी उलटी करून लव ब्रशने झाडली, टेबल लॅम्पखाली भिंग धरलं. लाइन ट्रान्झिस्टरला सिग्नल पोचवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी रिंग होती. ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाग. तो पाय कधी टेकायचा, कधी सुटायचा आणि प्रत्येक वेळी ट्रान्झिस्टरचा बळी जायचा. जुनं शिसं ओढून काढलं, पाय खरवडला, नवा डाग दिला. खर्च म्हणाल तर बोटभर सोल्डर.

लाइन ट्रान्झिस्टर आपणहून क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारतं. ड्राय सोल्डर नसेल तर त्याच्या शेजारचा दीड-दोन हजार व्होल्टचा कपॅसिटर बघा. त्याची व्हॅल्यू उतरली की व्होल्टेज वर चढतं. तिथे डब्यात सापडला तो कपॅसिटर लावायचा नाही, तीच व्हॅल्यू आणि तेच व्होल्टेज हवं.

आणि सिरीज बोर्ड! 100 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घेऊन टीव्ही लावला असता तर त्या पोराचे ट्रान्झिस्टर वाचले असते. डिगॉसिंग कॉइलचा (पडद्याचं चुंबकत्व घालवणारी, ट्यूबभोवतीची कॉइल) प्लग आधी काढा, नाहीतर बल्ब उगाच पेटून फसवतो. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत पेटूनच राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. एलईडी बल्ब इथे चालत नाही, दोघांनी आणून दाखवलाय म्हणून सांगतो. सिरीज बोर्ड लावला की शॉक लागत नाही, हाही गैरसमज. बल्ब टीव्हीला वाचवतो, तुम्हाला नाही. त्यासाठी टीव्हीला घरच्या मेन लाइनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो.

बाकीचं भराभर सांगतो. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी लावणाऱ्याशी मी बोलत नाही. पडद्यावर एकच आडवी पांढरी रेघ आली तर ब्राइटनेस लगेच कमी करा, नाहीतर ती रेघ कायमची भाजून बसते. मग चित्र उभं पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीचे सोल्डरचे डाग तपासा. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला की ट्यूब गेली म्हणून भंगारवाल्याला हाक मारू नका, आधी शेजारचा स्पीकर हलवा, मग डिगॉसिंग कॉइलला करंट देणारा पोझिस्टर बघा. चित्र अंधुक आहे म्हणून एलओटीवरचा (ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) स्क्रीनचा नॉब पिळत बसू नका. पिळायचाच असेल तर आधी पेनाने खूण करून ठेवा. टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो, जाळी झाकली की आतले कपॅसिटर वाळतात.

शेवटची चूक टीव्हीची नाहीच. मागच्या उन्हाळ्यात अशोक चौकाजवळचे एक आजोबा भर दुपारी गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि नातू खालून ओरडत होता, “अजून मुंग्याच हायती!” दूरदर्शनचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालंय, मुंग्याच दिसणार. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना मागे लावा. तशी भोकंच नसतील तर बॉक्सचं चित्र अँटेनाच्या भोकातून टीव्हीला देणारा आरएफ मॉड्युलेटर घ्या आणि तो ज्या चॅनेलवर सिग्नल देतो तिथे टीव्ही ट्यून करा. आजोबांच्या टीव्हीला भोकं होती. मागच्या बाजूला, भिंतीला टेकलेली.