इकतची कुर्ती घेताय? या चुका टाळा

छापील कापडाला इकतचा भाव मोजणं ही सगळ्यात महागडी चूक. इकतमध्ये सूत जागोजागी घट्ट बांधून आधी रंगवतात, मग मागावर चढवतात. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच गडद असते. कुर्ती उलटी करून आतल्या कडेचं एक उभं आणि एक आडवं सूत काढून पाहा. साध्या इकतमध्ये त्यांतल्या एकावरच रंग बदलत जातो, दुसरं एकरंगी असतं. दोन्हींवर डाग आणि उलट बाजू फिकी असेल, तर ती छपाई. (दोन्ही सुतं बांधून रंगवलेलं दुहेरी इकतही असतं, पण ते स्वस्तात मिळत नाही.) नक्षीची कड फिसकटलेली दिसली म्हणून माल परत करू नका, इकत असंच असतं.

यातलं बरंच कापड तेलंगणातल्या पोचमपल्लीचं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली गीतेवर प्रवचनं देणाऱ्या विनोबांना 1951 मध्ये भूदानाची पहिली जमीन मिळाली, ती याच गावात.

कापड घेऊन शिवणार असाल तर खरं नुकसान टेलरकडे होतं. कोरं हातमागाचं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच शिवायला द्या. नाहीतर गुडघ्याखालची कुर्ती गुडघ्यावर येते. नक्षी पुढच्या-मागच्या भागावर जुळवायची तर कापड थोडं जास्त लागतं, तिथे काटकसर नको. वीण सैल असल्याने शिवण फाटते, म्हणून माया भरपूर ठेवायला आणि कडांना इंटरलॉक करायला सांगा. अंगाला चिकटणारं फिटिंग या कापडाला मानवत नाही, टेलर कितीही आग्रह करो.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण पावडर वाढवत जातो. ती नीट निघत नाही आणि चारच धुण्यांत कापड मळकट दिसू लागतं. पावडर कमी, खळबळणं जास्त. जमलं तर शेवटचं पाणी नळाचं घ्या.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 पर्यंत जातो. गच्चीवर सकाळी टाकलेली कुर्ती तासाभरात वाळते, पण संध्याकाळपर्यंत तशीच राहते. वाळायला एवढं ऊन लागत नाही, रंग मात्र त्याने उडतो. उलटी करून सावलीत टाका, आणि तारेवरची घडी रोज त्याच जागी नको.

रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवणं घरोघरी चालतं. रंगवून तयार झालेल्या सुताला त्याने काही होत नाही. त्यापेक्षा ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर घासून बघा. रंग लागला तर पहिली काही धुणी वेगळी, गार पाण्यात. दुसऱ्या कपड्याला डाग पडलाच, तर तो कपडा वाळू देऊ नका आणि इस्त्रीही नको. ओला असतानाच गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळा.