भेटीला दोघं, सूचना द्यायला तिघं

लॉरेन मॅकार्थी या अमेरिकी कलावतीने २०१३ साली एक प्रयोग केला. डेटवर जाताना तिने फोनवरून थेट प्रक्षेपण लावलं आणि अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवरच्या, म्हणजे छोटी ऑनलाइन कामं पैसे देऊन करून घेण्याच्या साइटवरच्या, अनोळखी कामगारांना पैसे देऊन ते बघायला बसवलं. काय चाललंय ते त्यांनी लिहायचं, पुढे काय करायचं ते मेसेजने कळवायचं. हाच खेळ जळगाव-धुळ्यात करायचा तर बरंच काही बदलावं लागतं.

आधी समोरच्या व्यक्तीची परवानगी. ती आदल्या दिवशी आणि लेखी घ्या: कोण ऐकणार, किती जण, रेकॉर्डिंग होणार का, आणि कोणीही एकाने ‘बस’ म्हटलं की सगळं बंद. टेबलावर बसल्यावर विचारू नका, तोंडावर नाही म्हणणं कोणालाही जड जातं. चोरून केलं तर हा प्रयोग राहत नाही, सरळ फसवणूक होते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तर हे करूच नका. तिथे दोन्हीकडची दहा माणसं असतात, सगळ्यांची संमती कुठून आणणार?

कॅमेरा ठेवू नका, नुसता आवाज पुरतो. गावातल्या कॅफेत दोन टेबलं सोडून कोणाची ना कोणाची मावशी बसलेली असतेच, तिचा चेहरा परक्यांना दाखवायचा हक्क तुम्हाला नाही. शिवाय ३२ केबीपीएसचा आवाज तासाला जेमतेम १५ एमबी खातो, १ एमबीपीएसचा व्हिडिओ ४५०. साधा ग्रुप कॉल लावा. यूट्यूब लाइव्हवर आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो आणि सूचना शिळी होते. तारेचा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. खिशातल्या फोनच्या माइकवर कापडाची खसखस सोडून काही ऐकू येत नाही.

खरी अडचण भाषेची. मेकॅनिकल टर्कवरचे कामगार मुख्यतः अमेरिकेतले आणि भारतातले, पण तिथे अहिराणी समजणारा सापडणं कठीण. ‘तुले काय वाटस?’ हा प्रश्न कळला नाही तर तो सूचना तरी काय देणार? म्हणून माणसं खान्देशातलीच घ्या, पण तुमच्या ओळखीची नकोत. निवडण्याआधी दोन मिनिटांचं अहिराणी बोलणं ऐकवा आणि त्याचा अर्थ मराठीत लिहून मागा. समोरची व्यक्ती यावल-रावेरकडची असेल तर लेवा गणबोलीचा नमुना द्या, दोन्ही बोली एक नव्हेत.

तीन कामगार घ्या. एकटा असला तर त्याची लहर चालते, सहा झाले तर सहा मतं. त्यांना मोकळं लिहू देऊ नका. ऑनलाइन फॉर्ममध्ये पाच बटणं ठेवा: प्रश्न विचार, सांग, ऐकत राहा, विषय बदल, आटोप. सोबत जास्तीत जास्त आठ शब्दांची एक ओळ. तिघांपैकी दोघांचं बटण जुळलं तरच सूचना पुढे जाते, नाहीतर काहीच जात नाही. काही न जाणं हेही चांगलंच.

मध्ये सूचना गाळणारा एक माणूस हवाच, आणि तो तुमच्या विश्वासातला. स्पर्श, पगार, जात, दिसणं, जुनी प्रकरणं यांबद्दलची सूचना त्याने तिथेच मारायची. गंमत म्हणून काहीतरी भलतं पाठवणारा एखादा असतोच. आवाजावरून चुकीचा अर्थही निघतो: काळ्या मसाल्याची शेवभाजी खाऊन समोरची व्यक्ती नाक ओढायला लागते आणि तिकडून येतं, ‘रडतेय, धीर दे’. शेव-पापडाचा कुरकुराटही माइक भरून टाकतो. पहिल्या भेटीला चहा-कॉफीच बरी.

ऐकणं, टाइप करणं, गाळणं आणि तुम्ही वाचणं यात पंधरा-वीस सेकंद जातात. त्यामुळे ‘आत्ता हस’ अशी सूचना बाद. ‘तिच्या कामातल्या कंटाळ्याबद्दल विचार’ ही चालते, कारण ती दोन मिनिटांनी वापरली तरी बिघडत नाही. चार मिनिटांना एकच सूचना, म्हणजे पाऊण तासात दहा-अकरा. त्याहून जास्त झाल्या तर तुम्ही घड्याळाकडेच बघत बसता. सूचना कानात घेऊ नका, समोरचं बोलणं निसटतं. स्मार्टवॉचवर घ्या, पण आधी तपासा, काही स्वस्त घड्याळांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

एप्रिल-मेमध्ये मेहरूण तलावाच्या काठी दुपारी हा उद्योग करू नका. अ‍ॅपल आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं आणि जळगावचा पारा तेव्हा चाळिशी सहज ओलांडतो. फोन तापला की कॉल तुटतो. संध्याकाळी बसा, किंवा एसी असलेल्या जागी.

पैशांत कंजुषी नको. तासाला दीडशे रुपये धरा, आणि तुम्ही उशिरा पोहोचलात तर वाट बघण्याचेही द्या. पाऊण तासाच्या भेटीला सुद्धा पूर्ण तास मोजा: तिघांचे साडेचारशे, गाळणाऱ्याचे अडीचशे. मेकॅनिकल टर्कवर काम दिलंत तर मजुरीवर २० टक्के शुल्क वेगळं पडतं, आणि एकाच कामाला दहा किंवा जास्त जण लावले तर ४० टक्के. सूचना पसंत पडली नाही म्हणून मजुरी अडवायची नाही.

भेट संपल्यावर आलेल्या सगळ्या सूचनांची यादी, गाळलेल्याही, समोरच्या व्यक्तीला त्याच दिवशी पाठवा. कोणतं वाक्य तुमचं होतं आणि कोणतं नव्हतं, हे तिला कळायला हवं. तिने पुसायला सांगितलं तर रेकॉर्डिंग आणि यादी दोन्ही पुसा, कामगारांच्या फोनवरूनही.