भाजे चैत्यगृहाचा आराखडा: एकोणिसाव्या शतकातल्या साधनांनी

लेण्यांचे अभ्यासक फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 1880 च्या ग्रंथात लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या चैत्यगृहाची, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनेच्या लेण्याची, लांबी 59 फूट आणि रुंदी 26 फूट 8 इंच दिली आहे. त्या काळच्या साधनांनी हे लेणं आजही नीट मोजता येतं. टेप, सुती दोरी, ओळंबा (टोकाला वजन बांधलेली दोरी), पाणसळ (सपाटी तपासायचं साधन) आणि प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी) एवढं पुरतं. लेणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून लेखी परवानगी आधी काढा. दगडावर खिळा, खडू, चिकटपट्टी काहीही लावायचं नाही.

होकायंत्रावर विसंबू नका. सह्याद्रीच्या काळ्या दगडात चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे भिंतीजवळ सुई भलतीकडेच वळते. दिशा दोरीनेच पक्की करा.

पुढच्या दोन खांबांच्या मध्यापासून स्तूपाच्या मध्याकडे दोरी ताणा. ती स्तूपाशी अडते. मग तिला समांतर, सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंच्या अरुंद वाटांतून दोन दोऱ्या टाका. पुढे आणि मागे आडवं माप घेऊन चौकोन करा आणि खांबांच्या फटींतून त्याचे कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले नाहीत तर दोऱ्या पुन्हा लावा.

आता खांब. एकूण 27, साधे अष्टकोनी. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत असं तुटक मोजलं तर दर मापाची अर्ध्या इंचाची चूक साचत जाते, आणि दहाव्या खांबाला ती साडेचार इंच होऊ शकते. म्हणून टेपचा शून्य पहिल्या खांबाशी धरून सलग आकडे लिहा आणि प्रत्येक खांबाची तीच बाजू धरा. एक ओळ मोजून दुसरी तिच्यावरून उतरवायचा मोह टाळा. हे लेणं छिन्नीने कोरलेलं आहे, डावं-उजवं तंतोतंत जुळत नाही.

भाज्याची खरी गंमत खांबांच्या कलात आहे. ते वर जाताना सुमारे 5 इंच आत झुकतात. लाकडी इमारतीत कमानीचा बाहेरचा रेटा पेलायला खांब असे कललेले उभे करत, कारागिरांनी तेच दगडात आणलं. म्हणून आराखडा कोणत्या उंचीवरचा आहे हे कागदावर लिहिलंच पाहिजे. कल मोजायला बांबूच्या टोकाला कापड गुंडाळा, ते खांबाच्या माथ्याशी आतल्या बाजूने धरा आणि ओळंबा सोडा. खाली दोरी आणि खांब यांमधलं अंतर म्हणजे कल. लेण्याचं तोंड उघडं असल्याने वाऱ्याने ओळंबा झुलतो, तो पाण्याच्या बादलीत बुडवला की लवकर थांबतो.

कागदावर 1 इंचाला 5 फूट हे प्रमाण घ्या, लांबी 12 इंचांच्या आत बसते. पेन्सिलीचं काम जागेवरच पुरं करा, शाई घरी. उभ्या छेदात छताच्या लाकडी फासळ्या दगडापेक्षा वेगळ्या रंगात दाखवा, कारण त्या खरोखर लाकडाच्या आहेत. दर्शनी बाजूचा लाकडी पडदा आज नाही, पण त्याच्या खुंट्यांची भोकं दगडात आहेत. त्यातलं प्रत्येक भोक मोजून आराखड्यावर घ्या.