एसपीएच शिकताना: गोळ्याआधी दोन प्लेट आदळवा

कणांच्या पद्धतीने, म्हणजे एसपीएचने (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, यात पदार्थ कणांचा समूह म्हणून सोडवतात), संगणकावर वेगवान आघात सोडवायला बसलं की पहिल्याच दिवशी गोळा पत्र्यातून आरपार घालवून मागे उडणारा ढग बघायचा मोह होतो. तो आवरा. चुकीचा ढगही तितकाच खरा वाटतो.

आधी ॲल्युमिनियम २०२४ च्या दोन सारख्या प्लेट सेकंदाला २ किमी वेगाने आदळवा. इथे उत्तर कागदावर काढता येतं. धक्क्यामागे पदार्थाचा वेग निम्मा, १००० मी/से. धक्क्याचा वेग ५३२८ + १.३३८ × १००० = ६६६६ मी/से (५३२८ आणि १.३३८ हे या ॲल्युमिनियमचे स्थिरांक). घनता २७८५ किलो प्रति घनमीटर. तिन्हींचा गुणाकार म्हणजे दाब, सुमारे १८.६ गिगापास्कल. उत्तर शंभर-हजार पटींनी चुकलं तर बहुतेकदा एककांचा घोळ असतो: ग्रॅम-सेंटिमीटर-मायक्रोसेकंदात दाब मेगाबारमध्ये मोजतात, तिथे उदाहरणार्थ २६५ मेगापास्कल म्हणजे ०.००२६५.

हे जुळलं की गोळा घ्या. १० मिमी व्यासाचा गोळा, २ मिमी पत्रा, जाडीत किमान १० कण, म्हणजे कणांमधलं अंतर ०.२ मिमी. गोळ्यात साधारण ६५ हजार कण बसतात, पण १०० × १०० मिमी पत्र्यात २५ लाख. म्हणून सममिती वापरून पाव भागच सोडवा. अंतर निम्मं केलं तर कण आठपट, टाइम स्टेप (गणिताचा वेळेतला एक टप्पा) निम्मी, काम सोळापट. स्मूदिंग लेंग्थ (कणावर किती लांबच्या शेजाऱ्यांचा परिणाम धरायचा ते ठरवणारी लांबी) अंतराच्या १.२ ते १.३ पट ठेवा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ताणातली अस्थिरता. ताण पडलेल्या भागात कण जवळ येऊन गुठळ्या करतात, गुठळ्यांमध्ये फट पडते आणि पदार्थ फुटल्यासारखा दिसतो. फटीजवळच्या कणांचं डॅमेज (पदार्थ किती फुटलाय ते सांगणारा आकडा) तपासा. ते शून्याजवळ असेल तर तो तुकडा पदार्थाने नाही, गणिताने पाडलाय. कृत्रिम ताणाची दुरुस्ती (गुठळ्या होऊ नयेत म्हणून गणितात घातलेलं जास्तीचं पद) लावून पुन्हा चालवा. गोळ्याचे कण पत्र्याच्या कणांना न ढकलताच आत मिसळत असतील, तर कृत्रिम विस्कॉसिटी (धक्का सांभाळायला गणितात घातलेलं घर्षणासारखं पद) कमी पडतेय. त्यातल्या वेगाच्या वर्गाच्या पदाचा गुणांक वाढवा. एकूण ऊर्जेचा आलेख प्रत्येक रननंतर बघा.

शेवटी ०.४ आणि ०.२ मिमी असे दोन रन घ्या. छिद्राचा व्यास दोन्हींत जवळपास सारखा यायला हवा. तुकड्यांची संख्या मात्र अंतरानुसार बदलते, म्हणून अहवालात ती दिली तर शेजारी अंतरही लिहा.